पूर्णाहून पूर्ण भूतकाळ

अल्सास प्रांतातील एका खेड्यात फ्रांझ नावाचा मुलगा एका सकाळी शाळेला उशिरा निघाला होता. हवा उबदार होती, रानाच्या कडेला पाखरे गात होती आणि लाकूड कापण्याच्या गिरणीमागील कुरणात प्रशियन शिपायांची कवायत चालली होती. शाळा चुकवून रानात पळून जावे, असा मोह त्याला क्षणभर झाला. त्याचे कारण आळस एवढेच नव्हते. आमेल गुरुजींनी बजावून ठेवले होते की, आज धातुसाधितांवर प्रश्न विचारले जातील. आणि त्यातले अवाक्षरही फ्रांझला येत नव्हते.

आल्फाँस दोदे या फ्रेंच कथाकाराच्या ‘शेवटचा तास’ या गोष्टीचा हा आरंभ. ही गोष्ट १८७३ साली ‘सोमवारच्या कथा’ या संग्रहात आली, आणि पुढे भाषांतररूपाने भारतातील असंख्य विद्यार्थ्यांनी ती आपल्या क्रमिक पुस्तकांत वाचली. वाचणाऱ्याचे मन साहजिकच गोष्टीतील देशप्रेमाकडे आणि वियोगाच्या दुःखाकडे ओढ घेते. ज्या धड्याच्या धास्तीने तो मुलगा रेंगाळत होता, तो व्याकरणाचा धडा तरी काय होता, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. परंतु ती करण्यासारखी आहे. त्याच धातुसाधिताच्या आधाराने फ्रेंच भाषेतील एक विलक्षण काळ उभा आहे. आणि ‘गुरुजींनी बजावून ठेवले होते’ हे वाक्य दोदे ज्या काळात लिहितो, तो काळही नेमका हाच होय.

या काळाचे फ्रेंच नाव ‘प्ल्युस-क-पार्फे’. लॅटिन व्याकरणातील संज्ञेचेच हे फ्रेंच रूप असून त्याचा शब्दशः अर्थ ‘पूर्णाहून अधिक’ असा होतो. जे पूर्ण आहे, त्याहून अधिक ते काय असणार, अशी शंका कोणालाही यावी. पण येथे ‘पूर्ण’ म्हणजे निर्दोष नव्हे; ‘शेवटास गेलेले’ एवढाच त्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ. एक गोष्ट शेवटास गेली. परंतु ती घडली त्याच्याही आधी दुसरी एक शेवटास जाऊन बसली होती. ही जी अधिक मागची गोष्ट, ती सांगण्यासाठी हा काळ. गाडी सुटली, तो स्टेशनावर पोचला. या दोन वाक्यांत आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे स्पष्ट होत नाही. ‘तो स्टेशनावर पोचला तेव्हा गाडी सुटली होती’ असे म्हणताच सारा अनर्थ उलगडतो. मराठी व्याकरणात याला पूर्ण भूतकाळ म्हणतात.

फ्रेंचमध्ये या काळाचे रूप दोन तुकड्यांनी बनते. पहिला तुकडा साहाय्यक क्रियापदाचा. तो ‘आव्ह्वार’ म्हणजे ‘जवळ असणे’, किंवा ‘एत्र’ म्हणजे ‘असणे’ या धातूच्या अपूर्ण भूतकाळाचा असतो. दुसरा तुकडा मुख्य धातूच्या भूतकालवाचक धातुसाधिताचा. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे हा धातू घेतला, तर ‘मी बोललो होतो’ याला ‘झाव्हे पार्ले’. ‘तू बोलला होतास’ याला ‘त्यु आव्हे पार्ले’. ‘तो बोलला होता’ याला ‘इल् आव्हे पार्ले’. अनेकवचनात ‘आम्ही बोललो होतो’ हे ‘नू-ज़ाव्हियाँ पार्ले’, ‘तुम्ही बोलला होता’ हे ‘वू-ज़ाव्हिये पार्ले’ आणि ‘ते बोलले होते’ हे ‘इल्-ज़ाव्हे पार्ले’ असे होते. नकार करावयाचा, तर नकाराचे दोन शब्द साहाय्यक क्रियापदाच्या दोन बाजूंना बसतात आणि धातुसाधित बिचारे बाहेर राहते.

ही सहा रूपे कागदावर लिहिली, तर साहाय्यक क्रियापदाची पाच वेगवेगळी वर्णलेखने दिसतात. कानाने ऐकली, तर मात्र तीनच वेगळी भासतात. कारण एकवचनाची तिन्ही रूपे आणि अनेकवचनाचे तृतीय पुरुषाचे रूप यांचा उच्चार अगदी एक आहे. ‘तो बोलला होता’ आणि ‘ते बोलले होते’ या दोहोंत ऐकणाऱ्याला आधार मिळतो तो दोन शब्दांच्या सांध्यात उमटणाऱ्या एका ‘ज़’काराचा. फ्रेंच भाषेत डोळा आणि कान यांचा संसार बराचसा विभक्त आहे, हे या एका काळावरूनही ध्यानात येते. फ्रेंच मुलांना स्वतःच्याच मातृभाषेचे शुद्धलेखन वर्षानुवर्षे घोटावे लागते, ते याचमुळे.

आता दोन साहाय्यक क्रियापदे कशासाठी? बहुसंख्य धातू ‘आव्ह्वार’ घेतात. परंतु जाणे, येणे, पोचणे, निघणे, आत शिरणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशा थोड्या धातूंना ‘एत्र’ लागते. ज्या क्रियेचा परिणाम कर्त्याच्याच ठायी राहतो, कर्त्याची जागा किंवा अवस्था ज्यामुळे पालटते, त्या क्रियेचे हे धातू आहेत. सर्व कर्तृगामी क्रियापदेही याच पंगतीला बसतात. या वर्गात धातुसाधित हे विशेषणासारखे वागते आणि सामान्यतः कर्त्याचे लिंगवचन धारण करते. पुरुष गेला होता आणि स्त्री गेली होती, यांत फ्रेंच लेखनात एका मुक्या अक्षराचा फरक पडतो. तो ऐकू येत नाही. पण ‘तो मेला होता’ हे ‘इल् एते मोर’ आणि ‘ती मेली होती’ हे ‘एल् एते मोर्त’. येथे मात्र स्त्रीलिंगाचा तकार स्पष्ट कानावर पडतो.

मराठी माणसाला यात काहीच नवल वाटू नये. ‘तो गेला होता, ती गेली होती, ते गेले होते’ हा त्याच्या रोजच्या बोलण्यातला कर्तरी प्रयोग आहे. नवल पुढेच आहे. ‘आव्ह्वार’ घेणाऱ्या सकर्मक धातूंचे धातुसाधित कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते पाहते कर्माकडे, आणि तेही कर्म आधी आले असेल तरच. ‘मी पत्र लिहिले होते’ हे ‘झाव्हे एक्री ला लेत्र’. पत्र हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. पण तो मागून आल्यामुळे धातुसाधित जसेच्या तसे राहिले. ‘मी लिहिलेले होते ते पत्र’ अशा रचनेत पत्र पुढे आले की ‘ला लेत्र क झाव्हे एक्रीत’. लगेच स्त्रीलिंगाचा तकार उमटला. मराठीत हा नियम अधिक सरळ आहे. ‘त्याने चिठ्ठी लिहिली होती, त्याने ग्रंथ लिहिला होता, त्याने पुस्तक लिहिले होते’. कर्म कोठेही असो, क्रियापद त्याच्यामागे जाते. यालाच कर्मणि प्रयोग म्हणतात. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर होते: ‘त्याने मुलीला पाहिले होते’.

हजारो मैलांवरच्या या दोन भाषांत अशी सारखी चाल कोठून आली? एकीने दुसरीचे अनुकरण केले, असे मुळीच नाही. दोघींनी आपापल्या घरी एकाच जातीचे साहित्य वापरले, म्हणून घरांची ठेवण मिळतीजुळती झाली. लॅटिनमध्ये ‘लिहिलेले पत्र माझ्यापाशी आहे’ अशी एक वाक्यरचना होती. त्यात ‘लिहिलेले’ हे पत्राचे विशेषण. अर्थात त्याने पत्राचे लिंगवचन घ्यावयाचे. हळूहळू ‘माझ्यापाशी आहे’ यातला मालकीचा अर्थ झिजला आणि ‘मी लिहिले आहे’ असा क्रियेचा अर्थ वर आला. हेच वाक्य भूतकाळात नेले की ‘मी लिहिले होते’. मूळचे विशेषण क्रियापदात विरघळले, तरी कर्माशी असलेले त्याचे जुने नाते पुरते तुटले नाही. इकडे संस्कृतात ‘तेन पत्रं लिखितम्’ अशी रचना होती. तिच्यातील धातुसाधितही विशेषणच होते. प्राकृतातून येताना त्याला लकार जडला आणि त्यातून मराठीचा ‘लिहिला-लिहिली-लिहिले’ हा भूतकाळ जन्मला. मराठीत ‘जवळ असणे’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद नाही. म्हणून तिने दोन साहाय्यकांची गरज न ठेवता एकट्या ‘होता’वर सारा संसार भागवला, आणि कर्त्याला ‘ने’ लावून सकर्मक-अकर्मकाचा भेद राखला.

येथे एका ऋणाचा उल्लेख उचित ठरेल. मराठी भाषेच्या घडणीचा मूलगामी ऐतिहासिक अभ्यास ज्या ग्रंथात पहिल्यांदा झाला, तो ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा ग्रंथ फ्रेंच भाषेतच लिहिला गेला आणि १९२० साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. मराठीच्या प्रयोगांकडे पाहताना फ्रेंच विद्वानाला आपल्या धातुसाधिताची आठवण व्हावी, आणि फ्रेंच धातुसाधित शिकताना मराठी विद्यार्थ्याला आपला कर्मणि प्रयोग आठवावा, ही देवाणघेवाण उभयपक्षी लाभाचीच आहे.

लॅटिनला स्वतःला हा काळ दोन शब्दांनी सांगावा लागत नसे. ‘त्याने प्रेम केले होते’ एवढा आशय ती ‘आमावेरात’ या एका शब्दात मावत असे. ते जुने एकशब्दी रूप फ्रेंचमधून लवकरच नाहीसे झाले. इसवी सन ८८०च्या सुमाराच्या, संत यूलालीवरील अगदी प्राचीन फ्रेंच काव्यात त्याचे काही अवशेष आढळतात. पण तेथेही त्यांचा अर्थ साध्या भूतकाळाचाच झालेला दिसतो. पोर्तुगीज भाषेने मात्र ते रूप जपले. ‘तो बोलला होता’ याला तीत ‘फालारा’ असा एक शब्द आहे. बोलण्यात दोन शब्दांची रचना रूढ झाली, तरी लेखनात तो टिकून आहे. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा होती. तेव्हा त्या पिढीतल्या शिकलेल्या गोमंतकीयाला कर्मणि प्रयोगाचे मराठी रूप आणि लॅटिनच्या वारशाचे हे पोर्तुगीज रूप अशी दोन्ही रूपे एकाच पाटीवर गिरवावी लागली असतील.

धातुसाधिताने पुढे आलेल्या कर्माशी जुळावे, हा नियम फ्रेंचमध्ये निःशंकपणे पाळला जात नव्हता. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियन भाषेचा दाखला देऊन आपल्या शिष्यांना तो पद्यातून सांगितला आणि पुढे वैयाकरणांनी त्याला कायद्याची प्रतिष्ठा दिली. सुशिक्षित फ्रेंच माणूसही बोलताना तो पुष्कळदा विसरतो. फ्रांझला धातुसाधितांची भीती वाटली, ती अगदीच अनाठायी नव्हती.

रूप साधले म्हणजे काळ साधला, असे मात्र नाही. आणि मराठी विद्यार्थ्याची खरी ठेच येथेच लागते. मराठीत ‘काल तो पुण्याला गेला होता’ असे सहज म्हटले जाते. त्याच्यापुढे दुसरी कोणतीही घटना सांगावयाची नसते. नुसते ‘गेला’ म्हटले, तर तो अजून तिकडेच असेल असा समज होण्याचा संभव. ‘गेला होता’ म्हटल्याने तो जाऊन परत आला, प्रकरण मिटले, असे सुचविले जाते. या सवयीने विद्यार्थी फ्रेंचमध्येही प्ल्युस-क-पार्फे योजतो. वाक्यात व्याकरणाचा दोष नसतो. पण ऐकणारा फ्रेंच माणूस थांबून राहतो. पुण्याला गेला होता, आणि मग? तो तिकडे असताना इकडे काय घडले? घराला आग लागली, की पाहुणा येऊन परत गेला? फ्रेंच कानाला हा काळ म्हणजे अर्धे दार उघडल्यासारखा आहे. दुसरी घटना आत आल्यावाचून ते लागत नाही. कालच्या साध्या प्रवासाला फ्रेंच बोलीत ‘पासे काँपोझे’ हा दुसरा भूतकाळ पुरतो.

उलटपक्षी, एका ठिकाणी दोन्ही भाषांचा शिष्टाचार आश्चर्यकारक रीतीने जुळतो. एखादा गृहस्थ काही मागण्यासाठी दारात उभा असतो. तो आलेला आहे, समोर दिसतो आहे. तरी तो म्हणतो, ‘आपल्याकडे जरा एक काम घेऊन आलो होतो.’ फ्रेंच माणूसही अशा वेळी वर्तमानाचा आग्रह टाळून ‘आलो होतो’ असेच म्हणू शकतो. मागणी जणू मागच्या काळातली आहे, समोरच्याने नाही म्हटले तरी बिघडत नाही, अशी वाट त्यात ठेवलेली असते. काळ येथे वेळ दाखवीत नाही. तो अदब दाखवतो.

आणि एका ठिकाणी वाटा पुन्हा फुटतात. ‘मला ठाऊक असते, तर मी आलो असतो’ या वाक्यात मराठी दोन्ही बाजूंना संकेतार्थाची रूपे घालते. फ्रेंच मात्र ‘जर’च्या बाजूला निश्चयार्थी प्ल्युस-क-पार्फेच ठेवते आणि ‘तर’च्या बाजूला संकेतार्थी भूतकाळ. दोन्हीकडे संकेतार्थ घालण्याची चूक फ्रेंच मुले हमखास करतात. १९६२ सालच्या ‘बटणांची लढाई’ या चित्रपटातील एक चिमुरडा ही चूक करतो आणि तिच्या जोडीला ‘येणे’ या धातूचे साहाय्यक क्रियापदही चुकवतो. त्याचे ते वाक्य फ्रान्समध्ये घरोघर झाले. ‘जर’पुढे हा काळ नुसताच आला आणि ‘तर’ची बाजू रिकामी राहिली, तर तो निखळ पश्चात्तापाचा उद्गार होतो. आधी कळले असते तर! एवढेच बोलून माणूस गप्प बसतो. जे घडलेच नाही, त्यालाही हा काळ घडून संपलेल्याचे रूप देतो. म्हणून त्या उद्गारात आशेला जागा उरत नाही.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बाँव्हनिस्त यांनी १९५९ साली एका निबंधात आपल्या भाषेतील काळांची दोन घराण्यांत विभागणी केली. एक घराणे इतिहासकथनाचे, जेथे घटना जणू आपणच आपल्याला सांगतात. दुसरे संभाषणाचे, जेथे कोणीतरी कोणाशीतरी बोलत असतो. ग्रांथिक साधा भूतकाळ पहिल्यात राहतो, पासे काँपोझे दुसऱ्यात. प्ल्युस-क-पार्फेला मात्र दोन्ही घरांत प्रवेश आहे. इतिहासकार आणि शेजारीण, दोघांनाही तो लागतो. कारण मागच्याच्या मागे काय होते, हे सांगितल्याशिवाय दोघांचीही गोष्ट पुरी होत नाही.

दोदेच्या गोष्टीत हा काळ कोठे कोठे येतो, हे पाहिले म्हणजे त्याचे सामर्थ्य कळते. फ्रांझ वर्गात शिरतो तो आपणच उशिरा आलो या धास्तीने. आत मात्र गावातली म्हातारी माणसे मागच्या बाकांवर मुकाट बसलेली आहेत. गुरुजींनी सणासुदीचा पोशाख केला आहे. बर्लिनहून हुकूम आला आहे की, अल्सास आणि लॉरेनच्या शाळांत यापुढे जर्मनच शिकवली जाईल. फ्रांझला उठवून धातुसाधितांचा नियम विचारला जातो. तो पहिल्याच शब्दांत अडखळतो. गुरुजी रागावत नाहीत. सगळ्यांनीच शिकणे उद्यावर ढकलले, असे ते म्हणतात. आईबापांनी मुलांना चार पैशांसाठी कामाला धाडले होते. आणि ते स्वतः? त्यांनीही मुलांकडून आपल्या बागेला पाणी घालून घेतले होते, मासे धरायला जायचे म्हणून शाळेला सुटी दिली होती. चाळीस वर्षे ज्या खोलीत गेली, तिच्या अंगणातली अक्रोडाची झाडे उंच वाढली होती. गुरुजींनी स्वहस्ते लावलेली वेल खिडक्यांवर चढली होती. ती माया जडायला चाळीस वर्षे लागली होती. हुकूम एका रात्रीत आला.

इतिहासाने या गोष्टीला पुढे जी पुरवणी जोडली, तीही विसरता येत नाही. १८७१ च्या फ्रांकफुर्टच्या तहाने अल्सास जर्मनीकडे गेला. तेथील बहुतेक खेडुतांच्या घरची बोली मुळात जर्मन कुळातली होती, ही गोष्ट दोदेने कथेत झाकून ठेवली. १९१८ नंतर प्रांत फ्रान्सकडे परत आला, तेव्हा शाळेची भाषा पुन्हा बदलली, आणि कित्येक मुलांचा दुसऱ्या दिशेने ‘शेवटचा तास’ झाला. फळ्यावरची भाषा तहाच्या कलमांनी बदलते. घरात आईने आधी जे शिकविले होते, ते मात्र कलमांना सहजी पुसता येत नाही.

क्रियापदाची सहा रूपे पाठ करणे हा कंटाळवाणा उद्योग आहे, यात शंका नाही. पण ज्या समाजाने ती रूपे घडविली, त्याला एक गोष्ट सांगावयाची होती. प्रत्येक घटनेच्या आधी एक घटना घडून गेलेली असते, आणि पुष्कळदा उलगडा तिच्यातच असतो. फ्रांझ शाळेत पोचला तेव्हा उशीर झाला होता. तो उशीर घड्याळाचा नव्हता. मराठीत ‘शिकणे’ आणि ‘विसरणे’ हे दोन सकर्मक धातू नियम मोडून ‘ने’ नाकारतात: ‘तो धडा शिकला होता’, ‘तो धडा विसरला होता’. कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. शिकल्याची आणि विसरल्याची जबाबदारी धड्यावर टाकता येत नाही, ती शिकणाऱ्याचीच, असे जणू मराठी भाषेने फार पूर्वीच ठरवून ठेवले होते.